भाडं चौदा हजार, बाकीचं वेगळं

माझं माहेर हिरडस मावळातलं, नीरा-देवघर धरणाच्या वरच्या अंगाला. सासर वेल्ह्याचं, तोरण्याच्या पायथ्याशी. (२०२४ साली सरकारने तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, पण एसटीत तिकीट काढताना आमच्या तोंडी अजून वेल्हेच येतं.) दोन्हीकडे घर म्हणजे स्वतःचं. कौलं फुटलेली असोत, भावकीत भिंतीवरून वाद असो, पण राहत्या घराचे दर महिन्याला कुणाला पैसे मोजायचे असतात, ही गोष्ट आमच्याकडे कधी कुणाच्या बोलण्यातच आली नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात पुण्यात फ्लॅट बघायला निघाले तेव्हा मला एकच प्रश्न येत होता : भाडं किती? त्याचं उत्तर लगेच मिळायचं. पण ते अर्धंच असायचं, आणि उरलेलं अर्धं हळूहळू, एकेक नोट हातातून सुटत जाईल तसं कळत जायचं. आमच्या खोऱ्यांतून दर जूनला कुणी ना कुणी बिऱ्हाड घेऊन पुण्याला जातं. त्यांना हे आधी कळावं म्हणून लिहिते आहे.

भाड्याने मी पूर्वी एकदा राहिले होते. भोरला कॉलेजात असताना राजवाड्याजवळच्या एका आळीत मी आणि मैत्रीण एका आजींच्या माडीवर राहायचो. माझ्या वाट्याला महिना सहाशे रुपये, लाईट त्यातच. अनामत नाही, कागद नाही. आजींनी पहिल्या दिवशी गाव विचारलं, मग वडिलांचं नाव, मग आत्या कुठे दिलीय ते. ओळख निघाली आणि किल्ली हातात आली. दिवाळीनंतर नवा तांदूळ निघाला की वडील त्यांच्याकडे आंबेमोहोराची पिशवी पोचवायचे. कधी पैसे द्यायला उशीर झाला तर आजी काही बोलायच्या नाहीत, फक्त जेवायला बोलवायच्या, म्हणजे आपल्याला समजायचं. भाड्याने राहणं म्हणजे एवढंच, असा माझा समज होता.

आता मी स्वारगेटच्या बाजूला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, डीएमएलटी झाल्यापासून. ह्यांची नोकरी शिरवळच्या एमआयडीसीत. वेल्ह्याहून मी रोज एसटीने जाऊन-येऊन करत होते. पावसाळ्यात घाटाचा रस्ता, नसरापूरपर्यंतचे खड्डे आणि पुढे खेड शिवापूरची गर्दी, यात दिवस संपायचा. मुलगी पहिलीच्या वयाला आली तेव्हा बिऱ्हाड हलवायचं ठरलं. ह्यांच्या कंपनीची बस नवले पुलापाशी थांबते, मला पीएमपीने स्वारगेट गाठायचं. त्यामुळे कात्रज ते धायरी हा पट्टा आमच्या सोयीचा. तरी नणंदेच्या आग्रहाने सुरुवात कोथरूडपासून केली.

कोथरूडात वन बीएचकेला २२,००० सांगितले. मी पुढे काही विचारलंच नाही. धनकवडीत लिफ्ट असलेल्या सोसायटीत १७,०००, आणि तिथूनच दोन गल्ल्या सोडून, तेवढ्याच दोन खोल्या, तिसऱ्या मजल्यावर, ९,०००. आंबेगाव आणि नऱ्ह्यात १२ ते १५ हजार. हाकेच्या अंतरावर एवढा फरक का, ते मला कुणी नीट सांगेना. मी प्रत्येक ठिकाणी विचारत राहिले, तेव्हा थोडं थोडं उलगडलं. नऊ हजारांची इमारत गुंठेवारीतली होती. शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्याने तुकडे पडले, त्यावर नकाशा मंजूर न करता मजले चढले. अशी बांधकामं नियमित करायला राज्याने २००१ साली कायदा केला, पण सगळी घरं त्यात बसलेली नाहीत. तिथे सोसायटी नसते, मेन्टेनन्स नसतो, जिना अंधारा, आणि दोन इमारतींमध्ये हात घालून शेजारच्या खिडकीचं दार लावता येईल इतकी फट. सतरा हजारांत लिफ्ट होती, वॉचमन होता, आणि नळाला महापालिकेचं पाणी होतं. शेवटची गोष्ट सगळ्यात महाग असते, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

जागा बघायला गेलं की आधी आपणच बघितले जातो. फॅमिली आहे ना? किती माणसं? गावाकडून पाहुणे फार येतात का? व्हेज की नॉनव्हेज? एका बाईंनी आडनाव विचारलं, मग थोडं थांबून, “म्हणजे नेमके कोण तुम्ही?” असं विचारलं. भोरच्या आजींनीही गाव आणि नाव विचारलं होतं, पण त्या ओळख काढायला विचारत होत्या. इथे विचारणाऱ्याला नाही म्हणायला कारण हवं होतं. ह्यांना त्या दिवशी फार लागलं. मला राग आला तो वेगळ्याच गोष्टीचा. माझ्याबरोबर लॅबमध्ये काम करणाऱ्या दोघी मुलींना, लग्न झालेलं नाही एवढ्यावरून, दारातूनच परत पाठवतात. पगार आहे, ओळखपत्र आहे, तरी त्यांना कॉट बेसिसवर चौघींत राहावं लागतं, आणि माणशी जे मोजावं लागतं ते जोडलं तर त्या खोलीचं भाडं अख्ख्या फ्लॅटच्या वर जातं.

मोबाइलवरच्या जाहिरातींचं एक सांगून ठेवते. सुंदर फोटो, भाडं आजूबाजूपेक्षा तीन-चार हजारांनी कमी, आणि फोनवरचा माणूस म्हणतो, मी सैन्यात आहे, बदली झालीय, किल्ली सोसायटीत आहे, तुम्ही आधी टोकन पाठवा. असा फोन मलाही आला. ह्यांनी सोसायटीच्या गेटवर जाऊन चौकशी केली तर त्या नंबरचा फ्लॅटच तिथे नव्हता. जागा डोळ्यांनी बघितल्याशिवाय आणि मालकाचं लाईटबिल हातात घेतल्याशिवाय एक रुपया पाठवू नये.

नऱ्ह्यातला फ्लॅट एका एजंटने दाखवला. चौथा मजला, हॉल, एक बेडरूम, ओट्याला काळा ग्रॅनाइट, मागे कोरडी बाल्कनी, आणि बाल्कनीतून सिंहगडाचा टॉवर दिसतो. मुलगी लगेच बाल्कनीत जाऊन उभी राहिली. एजंट म्हणाला, “चौदा हजार. आज टोकन दिलं तर तुमचा.” मी विचारलं, पाणी कुठलं? तो म्हणाला, “चोवीस तास.” मी पुन्हा विचारलं, कुठलं? तेव्हा तो मालकाला फोन लावतो म्हणाला.

पाण्याचं मी एवढं धरून बसले त्याला कारण होतं. त्याच वर्षी जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरी या भागांत गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण सापडले होते. नाव कुणाच्या तोंडात बसत नव्हतं, सगळे जीबीएसच म्हणायचे. हातापायांतलं बळ जातं, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागतं. बोट दूषित पाण्याकडे होतं, विहिरी आणि टँकरचं पाणी तपासलं जात होतं. लॅबमध्ये असल्यामुळे ते दिवस आम्ही जवळून पाहिले. त्यामुळे ओटा, टाइल्स, सिंहगड, सगळं नंतर.

उत्तर आलं ते असं : महापालिकेचं पाणी येतं, पण पुरत नाही. बोअर आहे, वापरायला. उन्हाळ्यात टँकर. नऱ्हे २०२१ पर्यंत ग्रामपंचायत होती. त्या साली आजूबाजूची २३ गावं महापालिकेत घेतली त्यात नऱ्हेही आलं. धायरी, आंबेगाव त्याआधी २०१७ मध्ये आली. गावठाणाला पुरेल एवढी पाण्याची सोय होती, भोवती सात-सात, अकरा-अकरा मजले उभे राहिले आणि नळाची लाईन मागून येते आहे. इमारत नवी दिसते म्हणून पाणी असेल असं धरू नये.

पर्याय नव्हता. पिण्यासाठी फिल्टर लावायचा असं ठरवून होकार दिला. आणि मग पैशांची उरलेली बाजू बाहेर पडायला लागली.

अनामत ५०,०००. ही रक्कम साधारण तीन-चार महिन्यांच्या भाड्याएवढी मागतात, बिनव्याजी, जागा सोडताना परत. केंद्राने २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायद्याचा मसुदा राज्यांना दिला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याइतकीच अनामत अशी मर्यादा आहे. पण महाराष्ट्रात आपला १९९९ चाच भाडे नियंत्रण कायदा चालतो आणि त्यात अशी मर्यादा नाही. एजंटची दलाली एका महिन्याचं भाडं, १४,०००. मालकाकडून तो वेगळी घेतो. ती किती असावी हे कुठे लिहिलेलं नाही, रीत पडलीय म्हणून द्यायची. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ. मेन्टेनन्स महिना १,८००, जो “चौदा हजार” म्हणताना कुणी उच्चारला नव्हता. कराराचा खर्च निम्मा. गावाहून सामान आणायला टेम्पो ६,०००.

एका रात्री मी हे सगळं वहीत मांडलं. ८५,००० च्या वर गेलं. आमच्याकडे घरचा तांदूळ ठेवून जो विकतो, त्या इंद्रायणीचे वर्षाचे पैसे याच्या निम्मेही होत नाहीत. सासऱ्यांनी वही बघितली, काही बोलले नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी पतपेढीतली ठेव मोडून आले.

करारापाशी मला सगळ्यात जास्त गोंधळायला झालं, आणि तिथेच सगळ्यात जास्त शिकायला मिळालं. एजंट म्हणाला, “अकरा महिन्यांचा असतो, नोटरी करून टाकू, पाचशे-सातशेत काम होतं.” नोटरी म्हणजे शिक्का असतो, सही असते, मला तर तो पक्का सरकारी कागदच वाटला असता. पण लॅबमधल्या एका ताईंनी आधीच बजावलं होतं की नोंदणी केलेलाच करार घे, नाहीतर मुलीच्या शाळेला अडशील. आरटीईतून, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली, पहिलीचा अर्ज भरायचा असेल आणि घर भाड्याचं असेल, तर पत्त्याचा पुरावा म्हणून नोंदणीकृत भाडेकरारच लागतो. नोटरीचा चालत नाही. कायदाही तेच सांगतो. १९९९ च्या कायद्याच्या ५५व्या कलमाप्रमाणे असा करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झालीच पाहिजे. ती करून घेणं मालकाची जबाबदारी. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय नोंदणीच नसेल आणि वाद झाला, तर उलटं सिद्ध होईपर्यंत भाड्याने राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरतात. हे मी मालकांना शांतपणे सांगितलं. ते निवृत्त गृहस्थ होते, चांगले होते. त्यांनाही हे माहीत नव्हतं. ते लगेच तयार झाले.

खर्च किती, तर एजंटच्या ओळखीच्या माणसाने ३,८०० सांगितले. मी म्हटलं, यात सरकारचं किती? तो म्हणाला, सगळं धरूनच. मी फोड मागितली. हा हिशेब कुणालाही घरी करता येतो, म्हणून देते. मुद्रांक शुल्क पाव टक्का. कशावर? अकरा महिन्यांचं भाडं, म्हणजे १,५४,०००. त्यात अनामतीवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज मिळवायचं. पन्नास हजारांवर अकरा महिन्यांचं ते ४,५८३ होतं. एकूण १,५८,५८३, त्याचा पाव टक्का म्हणजे चारशेच्या जवळपास. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,०००, ग्रामीण भागात ५००. ऑनलाइन दस्त हाताळणीचे ३००. झाले १,७००. वरचे २,१०० त्या माणसाचे. तो घरी येतो, दस्त टाइप करतो, मशीन आणतो, त्याला मेहनताना हवाच. पण सरकारी चलनं दाखवा म्हटल्यावर आकडा २,८०० वर आला.

नोंदणी मालकांच्या घरी झाली. दिवाणखान्यात टीपॉयवर लॅपटॉप, त्याला छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन. एकेकाने समोर बसायचं, फोटो, मग काचेवर अंगठा. मालकांचा झाला, मालकीणबाईंचा झाला, माझा झाला. ह्यांचा होईना. मशीन दर वेळी लाल व्हायचं. हे उठून हात धुऊन आले, रुमालाने कोरडे केले. नाही. मालकीणबाईंनी खोबरेलाची बाटली आणून दिली, थोडं तेल चोळून पुसलं. नाही. तो माणूस म्हणाला, दाबून धरा. ह्यांनी इतकं दाबलं की नख पांढरं पडलं. मशीन शॉपमध्ये लोखंडाच्या तुकड्यांशी आणि कूलंटशी काम, आणि दर जुलैला सुट्टी टाकून भाताच्या आवणीला चिखलात. अंगठ्यावर रेषाच उरलेल्या नाहीत. मी पहिल्यांदा तो अंगठा इतक्या उजेडात बघितला. शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. तो माणूस जाता जाता म्हणाला, आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने देऊन टाका, नाहीतर रेशनलाही अडेल. मशीन कामगार, शेतकरी, धुणीभांडी करणाऱ्या बायका, या सगळ्यांना ही अडचण येते. बिऱ्हाड हलवायच्या आधीच ते काम उरकून घ्यावं.

सही करण्याआधी मी दस्त पूर्ण वाचला. मालक जरा अवघडले, पण मी थांबले नाही. त्यात लिहिलं होतं की आम्ही भाडेकरू नाही, आम्हाला फक्त वापराची परवानगी आहे. अकरा महिने संपले की जागा सोडायची. नाही सोडली तर मालक सक्षम अधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो आणि भाड्याच्या दुप्पट दराने भरपाई मागू शकतो. हे कायद्याच्या २४व्या कलमातच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण खाली आणखी एक ओळ होती : जागा सोडताना रंगकामाचा खर्च अनामतीतून वळता करण्यात येईल. किती, ते नाही. खालच्या मजल्यावरच्या कुटुंबाचे आदल्या घरात असेच एका महिन्याच्या भाड्याहून जास्त कापले गेले होते. मी म्हटलं, एकतर आकडा लिहा किंवा ओळ काढा. थोडी चर्चा होऊन “नेहमीच्या वापराने होणारी झीज वगळून” एवढे शब्द घातले. मग मी प्रत्येक खोलीचे, नळांचे, भिंतीवरच्या ओलीचे फोटो काढून त्याच वेळी मालकांना पाठवले. मालकाने पोलिसांना भाडेकरूची माहिती द्यायची असते, ती ऑनलाइन भरली गेली आणि त्याची पावती मी जपून ठेवली.

हे सगळं झाल्यावर एका रविवारी मामेसासऱ्यांकडे गेलो. ते साठच्या दशकात मावळातून पुण्याला आले, मंडईत हमाली केली आणि कसब्यात एका वाड्यात खोली घेतली. तेव्हाचं भाडं ६० रुपये. आता वाडा टेकू लावून उभा आहे, पण खोली सुटलेली नाही. कायद्याने दरसाल ४ टक्के वाढ होते ती धरली तरी त्यांचं भाडं अजून दोनशेच्या आत आहे. आमचं चौदा हजार ऐकून त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. १९४७ च्या कायद्याने जुन्या भाड्यांवर बंधन आलं, आणि त्या आधाराने हमाल, गिरणीतले, पेठांमध्ये कामाला आलेले असे कितीतरी मावळे पुण्यात टिकले. मालकांना मिळणारे पैसे इतके थोडे की वाड्यांची डागडुजी झाली नाही, हेही खरं. नंतरच्या माणसांसाठी अकरा महिन्यांचा परवाना आला आणि जुनं संरक्षण त्याला नाही. एकाच शहरात, एकाच घरातल्या दोन पिढ्या, एक दोनशेच्या आत आणि एक चौदा हजारांवर. हे मला आजही नीट पचलेलं नाही. मामांना काढून टाकावं असं मला मुळीच वाटत नाही. पण आमच्यासाठी भाड्याला कसलाच धरबंध नसावा, हेही पटत नाही.

राहायला आल्यावर मेन्टेनन्सच्या पावतीत पुन्हा एक वेगळी ओळ दिसली. मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी जादा आकार लावते. आमच्या पावतीत तो ५०० होता. या आकाराला राज्य सरकारच्या २००१ च्या आदेशाने मर्यादा घातली आहे : सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. सेवाशुल्क १,८०० असेल तर १८० होतात. आणि तो सभासदाने, म्हणजे मालकाने द्यायचा असतो. हे शोधायला मला वेळ लागला, पण सापडल्यावर मालकांना दाखवलं. त्यांनी सोसायटीच्या बैठकीत विषय काढला, आणि पुढच्या महिन्यापासून आमच्या पावतीत ती ओळ आली नाही.

पाण्याचं मात्र कागद दाखवून सुटलं नाही. पावसाळाभर ठीक चाललं. हिवाळा सरला आणि नळ सकाळी तासभर, मग अर्धा तास. ग्रुपवर मेसेज येतो, आज टँकर दोन, वर्गणी अमुक. महिन्याला सहाशेच्या आसपास आमच्या वाट्याला येतात. सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या तेव्हा टँकर गेटमधून मागे सरकत आत येताना त्यांनी पाहिला. त्यांचं माहेर मोसे खोऱ्यातलं. वरसगाव धरणात त्यांचं घर आणि भातखाचरं गेली. त्या म्हणाल्या, “आमचं घर बुडलं तवा सांगत व्हते, पुण्याला पानी जानार. मंग तुमच्या नळाला का न्हाई?” मला उत्तर देता आलं नाही. पानशेत आणि वरसगाव दोन्ही धरणं आमच्याच तालुक्यात. खडकवासल्यात उतरून तेच पाणी पुण्याला जातं, सिंहगड रस्त्याच्या बाजूने, आमच्यापासून काही किलोमीटरवरून. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं आणि पेठा वाहून गेल्या, हे पुणं विसरलेलं नाही. धरणांच्या पोटातल्या गावांची माणसं आज त्याच शहराच्या कडेला भाड्याच्या घरात टँकरची वर्गणी भरतात, हेही शहराने लक्षात घ्यायला हवं. महापालिकेने २३ गावं घेतली, मिळकत कर लावला, तर जलवाहिनी कधी पुरी होणार याची तारीख सांगणं हा उपकार नव्हे.

आता आमच्या वहीतला महिना असा दिसतो. भाडं १४,०००. मेन्टेनन्स १,८००. टँकर ६००. लाईट ९००. माझा पीएमपीचा पास १,५००, तो जून २०२५ पर्यंत ९०० होता. म्हणजे “चौदा हजारांचं” घर आम्हाला १८,८०० ला पडतं. पास मी मुद्दाम यात धरते, कारण नऱ्ह्यात भाडं कमी आहे ते लांब आहे म्हणूनच. धनकवडीतला १७,००० चा फ्लॅट तेव्हा महाग वाटला होता. तिथून लॅब जवळ, टँकर नाही. तिथला मेन्टेनन्स किती आहे हे विचारून मग दोन्ही आकडे शेजारी मांडायला हवेत. बघायला गेल्यावर ही बेरीज कुणी करून देत नाही. मालक, एजंट, सोसायटी, प्रत्येक जण आपापला आकडा सांगतो, आणि तो खराही असतो.

करार मे महिन्यात संपतो. मालकांनी दहा टक्के वाढ सांगितली आहे, म्हणजे १५,४००. नव्या कराराचा खर्च पुन्हा निम्मा. एजंटनेही फोन करून नूतनीकरणाचे म्हणून अर्ध्या महिन्याचं भाडं मागितलं. मी त्याला विचारलं, या वेळी तुमचं काम काय होतं? दस्त आम्ही आणि मालक मिळून परस्पर करणार आहोत, आणि ते मालकांनाही मान्य आहे. वाढीबद्दल आम्ही पाच टक्के म्हटलंय, आणि त्यासोबत एक अट : टँकरचे पैसे दोघांत निम्मे. ते विचार करून सांगतो म्हणालेत.

दरम्यान माझ्या चुलत बहिणीने हिर्डोशीहून एका जाहिरातीचा फोटो पाठवला आहे. धायरी, वन आरके, ८,५००. नर्सिंगच्या नोकरीसाठी ती आणि तिची मैत्रीण जूनमध्ये येणार आहेत. मी तिला प्रश्न लिहून पाठवले, आणि तिने ते तसेच एजंटला पाठवले : मेन्टेनन्स धरून की वेगळा? जादा आकार कोण देणार? नोंदणी की नोटरी? रंगकामाचे किती? दोघी मुली आहेत, चालेल का? पाणी कुठलं? आधीच्या पाचांची उत्तरं त्याने लगेच दिली. पाण्याचं अजून दिलेलं नाही. ते येईपर्यंत टोकन द्यायचं नाही, असं तिला सांगून ठेवलं आहे.